गहिनीनाथ थोरबोले, पलटणीचा आचारी

मंडळी, ऐका. आणि ते खांबाजवळचे, जरा गप्पा आवरा — मी काही तुमच्या पानाच्या टपरीवर उभा नाही! एक प्रश्न विचारतो. शूर कोणाला म्हणायचं? ज्याच्या हातात हत्यार, त्याला? अहो, तलवार तर नाटकातल्या राजाच्याही हातात असते — पुठ्ठ्याची!

एका तालुक्याच्या गावी केवळबाई थोरबोले नावाची हमालाची विधवा होती. खानावळीत भाकऱ्या थापायची. तिचा एकुलता एक लेक गहिनीनाथ तिथंच पीठ मळत वाढला. अठराव्या वर्षी सैन्यात लागला — पलटणीचा आचारी म्हणून. आता गावाचं शहाणपण बघा. पोरगं सुट्टीवर आलं की पारावरची मंडळी विचारायची, काय रे, शत्रूवर लाटणं उगारतोस का? ज्यांनी उभ्या जन्मात तालुक्याची वेस ओलांडली नाही, ते खिदळायचे! केवळबाईनं एकदा विचारलं, तुला लागतं का रे हे?

तो म्हणाला, "आई, तिकडं थंडीत पहारा करून आलेल्याला गरम डाळ वाढली ना, की तो माझ्याकडं जसं बघतो, तसं इथं कुणी बघत नाही."

एकाहत्तरचं युद्ध पेटलं. पुढच्या चौकीवरचे जवान दोन दिवस उपाशी, आणि मधल्या रानावर तोफांचा मारा. गहिनीनाथनं डाळीचा डबा पाठीला बांधला. सुभेदारांनी अडवलं, तर म्हणाला, भुकेला माणूस नेम कसा धरणार? दोन खेपा झाल्या. तिसरीला गोळ्याचा तुकडा छातीत शिरला. पालथा पडला. डबा पाठीवर तसाच, झाकण घट्ट. जवानांनी सरपटत जाऊन त्याला आणलं. सुभेदारांनी पत्रात लिहिलं — माई, डाळ अजून कोमट होती. पोरांनी रडत खाल्ली, पण एक थेंब सांडू दिला नाही.

आता गाव जागं झालं! सभापती अण्णासाहेबांनी चौकात मंडप घातला. भाषणात ठोकून दिलं — आपल्या गहिनीनाथनं एकट्यानं शत्रूचे वीस जण लोळवले! टाळ्यांचा कडकडाट. शेजारी त्याचं रंगवलेलं चित्र — हातात बंदूक, मिशा पिळलेल्या. त्या पोराला मिशी धड फुटली नव्हती हो!

केवळबाई उठली. पदर सावरला.

"माझ्या लेकानं कुणाला मारलं नाही," ती म्हणाली. "त्यानं जेवू घातलं. तेवढं खरं लिहा."

एक टाळी पडली नाही. अण्णासाहेबांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि लोकांना सांगितलं, माउलीचं दुःखानं भान हरपलंय. चौकात पुतळा बसला तो बंदूकवाल्याचाच. गावाला आचाऱ्याची लाज वाटली!

तुम्ही आता माना डोलावताय. चांगलं आहे. त्या गावाला नावं ठेवायला काय जातं?

घटकाभरानं तुम्ही प्रसादाला बसाल. मागं पडवीत दुपारपासून चुलाण पेटलंय, दोन बाया आणि एक म्हातारा धुरात डोळे पुसत आमटी ढवळताहेत. तुमच्याच गावचे आहेत. त्यांची नावं सांगा.

सांगा की. मी थांबतो.