डॅनचं मूळ गाव

आपली खोड तुम्हाला माहीतच आहे. माणूस भेटला की आधी मूळ गाव विचारायचं. हॅनोव्हरच्या आमच्या ऑफिसात डॅन नावाचा अमेरिकन आला, त्यालाही मी विचारलं.

म्हणाला, "स्कॉच-आयरिश. पूर्वज स्कॉटलंडहून आयर्लंडला आणि तिथून अमेरिकेला गेले. जनगणनेत आजोबा तसंच सांगायचे. वडिलांनी नुसतं 'आयरिश' सांगितलं. भाऊ 'अमेरिकन' सांगतो."

"आणि तू?"

"परदेशात राहणाऱ्यांना तिकडे मोजतच नाहीत. इथे जनगणनेची बाई आली, तिने फक्त पासपोर्ट कुठला ते विचारलं. मूळ विचारणारा तूच पहिला."

तेव्हापासून आमची गट्टी. 'मूळ गाव' हे दोन मराठी शब्दही त्याने पाठ केले. परवा घरी जेवायला आला, तेव्हा आमच्या सईला कौतुकाने विचारलं, "मूळ गाव?"

"हानोफर," सईने हॅनोव्हरचा अस्सल जर्मन उच्चार केला.

"अगं, वाई ना आपलं?" बायको म्हणाली.

"ते बाबाचं," सईने जर्मनमध्ये सांगितलं आणि खेळायला पळाली.

आम्ही दोघं हसलो. डॅन हसला नाही. वरणभात कालवत हळूच म्हणाला, "आमच्याकडे इथवर यायला तीन पिढ्या लागल्या."