जेवणाआधीची प्रार्थना

मन्नाएखेळ्ळीच्या थांब्यावर दोन शेजारणी माझ्या बाजूला बसून बोलत होत्या.

"मार्था, परवा हरवलेली तुझी सासू सापडली म्हणं?"

"व्हय अक्का. दत्ताच्या देवळात, प्रसादाच्या पंगतीत."

"अगं बाई! तुमी चर्चमधी गुडघ्यावर, आन् म्हातारी पंगतीत?"

"जेवणाआधीची प्रार्थना करायलती. तिच्यापायी समदी पंगत थांबली."

"पण तिला तर सोताचं नावबी आठवत न्हाई. घर कसं कळलं?"

"प्रार्थनेतच बोलली की. 'प्रभू, कमठाण्याचा माझा लेक शामुवेल हरवलाय. त्याला उपाशी ठेवू नको.' वाढणाऱ्यानं ऐकलं आन् आमच्या गावातल्या वळखीच्याला फोन लावला."

"शामुवेल गेला का लगेच?"

"पळतच गेले. त्यांना बघून म्हणली, 'सापडलास का लेकरा? बस, जेव.'"

"मग?"

"मग काय अक्का, बसले जेवायला."