दहा सेकंदांत मी

...नाही, तुम्हीच सांगा, दहा सेकंद म्हणजे किती असतात हो? त्या डिजिटल कॅमेऱ्याच्या टायमरचे दहा! दुकानदार म्हणाला, "बटण दाबा आणि आरामात जाऊन बसा, साहेब." आरामात! अहो, त्याच्या घरी माणसं राहत नाहीत का?

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे बावीस वर्षांचे फोटो आहेत आणि एकातही मी नाही. का? तर ते मी काढलेत! परवा ताईच्या मुलीनं अल्बम चाळून विचारलं, "आई, मामा तुझ्या लग्नाला आला नव्हता?" काळजात चर्र झालं हो! ठरवलं, ताई संध्याकाळी परत जायच्या आत मी फोटोत. म्हणजे फोटोतच!

कॅमेरा ठेवला आईच्या शिवणयंत्रावर, खाली दोन जाड पुस्तकं. सोफ्यावर सगळे, मध्ये माझी जागा. बटण दाबलं, पळालो... जागा गायब! "जरा ऐसपैस बसलो रे," ताई म्हणाली. फोटोत माझा एक कान आला.

पुन्हा दाबलं. तो लाल दिवा लुकलुकतो ना, तर बाबा उठले! "अरे, बिघडलाय हा, थांब..." आणि थेट कॅमेऱ्यात डोकावले. फोटोभर बाबांचं नाक. एवढं मोठं, एवढं स्पष्ट, की बायको म्हणाली, "कॅमेरा चांगला आहे हो!"

दहा सेकंद म्हणजे किती असतात हो? बाबांनी तीस वर्षं बस चालवली, ते म्हणतात, "दहा सेकंदांत अख्खी रांग चढायची माझ्या बसमध्ये. तुला एकट्याला जमेना?" तिसऱ्यांदा पळालो तर आई किंचाळली, "अरे पळू नकोस, पडशील!" पंचेचाळीस वर्षांचा घोडा मी! पण आई ओरडली की पाय थांबतातच. थांबलो. खटॅक!

तेवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न. ताईनं पर्स उचलली. "राहू दे रे, पुढच्या खेपेला." पुढची खेप म्हणजे चार वर्षं! म्हटलं, एकदाच, शेवटचं! दाबलं बटण, आणि सुटलो... सतरंजीत पाय अडकला, चप्पल एकीकडे, मी दुसरीकडे, आणि समोर सगळे, अहो सगळे, पोट धरून हसतायत, आई हात पुढे करून "धर, धर," बाबा चक्क टाळ्या वाजवतायत! खटॅक!

काय सांगू, असा फोटो आमच्या घरात कधी आलाच नव्हता. एरवी सगळे पासपोर्टला बसल्यासारखे बसतात. यात डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतायत, आणि माझ्याकडे बघून हसतायत! माझी मात्र पाठ. पण आहे ना? आहे! मोठा करून हॉलमध्ये लावलाय.

काल शेजारचे काका आले, निरखून बघत म्हणाले, "वा! पण मध्येच हा पाठमोरा कोण कडमडलाय?"

बाबा म्हणाले, "तो होय? तो फोटो काढतोय."