डाव्या झाकणाच्या आत

— तेजू, काही बोलू नकोस. फक्त ऐक.

— अरे, आधी ती गाडी तर बंद कर! आख्खी गल्ली बघतेय.

— नको, परत चालू होईल का माहीत नाही. झाली ना पण! राजदूतची चासी, येझदीचं इंजिन. दोन वर्षं लागली. मडगार्ड काढले, चेनकव्हर काढलं, साइड बॉक्स काढले...

— दिसतंय. आई म्हणाली नाही, तिला काहीतरी घाल म्हणून?

— थट्टा नको ना यार. ऐक तर.

— सुनील, काय झालंय? पडलास का?

— इंजिन मला राजूमामाने दिलं, माहितीय ना?

— हो, लासलगावच्या गोडाऊनमधलं. शंभरदा सांगून झालंय.

— पोतं बांधलेलंच होतं. 'घे भाच्या, मजा कर.' वरचा नंबर घासलेला. म्हणाला, गंजला असेल. तसंच पोतं अंबडला झुंबर मिस्त्रीकडे नेलं. त्याची एक सवय आहे. कुठलंही इंजिन उघडलं की झाकणाच्या आतून टोच्याने मालकाचं नाव कोरायचं, महिना, साल. बाहेरून दिसत नाही. पुन्हा कधी उघडलं की कळतं, आपल्याच हातचं.

— बरं?

— इंजिन शेवटी उघडायचं ठरलेलं. परवा त्याने डावं झाकण काढलं. पुसलं. पाना खाली ठेवला. म्हटलं, काय झालं मिस्त्री? तर झाकण माझ्यापुढे धरलं. आत लिहिलेलं, 'लहानू, ३-९६.'

— लहानू म्हणजे... तुझे वडील? नाना?

— नानांची येझदी! मार्केट यार्डातून चोरीला गेलेली!

— थांब. जिच्यावरून तुमच्याकडे कामाला असलेल्या भिकाकाकांना...

— हो. कांद्याचा लिलाव चालू होता, गाडी त्यांच्या भरवशावर होती. सगळ्यांसमोर मारलं गं त्यांना. पहिली थोबाडीत मामाने दिली. ते रडून सांगत होते, 'चावी राजूशेठनी नेली, फेरी मारून येतो म्हनले.' कोणी ऐकलं नाही. सात वर्षं झाली. आता पेठ रोडला हमाली करतात, आणि नाना दिसले की रस्ता बदलतात.

— अरे, पण मामाने ते इंजिन नंतर कुठून विकत घेतलं असेल. भंगारात काहीही मिळतं.

— मीही मिस्त्रीला तेच म्हटलं. त्याने पोतं उलटं केलं. खालून चावी पडली. तिला लाल गोंडा. तो गोंडा मी बांधलेला, तेजू. पाचवीत होतो.

— आई गं.

— नाना मामाला त्या गाडीला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. चारचौघांत 'खाली उतर' म्हणालेले. त्यानेच नेली असणार. आणि नंतर बोलायची हिंमतच झाली नसेल.

— आणि तू? परवाच कळलं ना तुला? मग आज ही चालू कशी?

— मिस्त्री म्हणाला, 'झाकन बसवू का नको? तू सांगशील तसं.' मी... 'बसव' म्हणालो.

— सुनील!

— दोन वर्षं, तेजू! वाटलं, एकदा फक्त आवाज ऐकू. आज सकाळी मामा आला गाडी बघायला. तो आणि नाना ओट्यावर चहा पीत होते. मी किक मारली. नानांनी कप खाली ठेवला. म्हणाले, 'बंद कर.' केली. मग म्हणाले, 'परत चालू कर.' केली. अनवाणीच खाली आले, इंजिनवर हात ठेवला. चटका बसला असेल, पण काढला नाही. मग मला विचारलं, 'इंजिन कुठलं रे हे?'

— मामा?

— कपात बघत बसला होता.

— तू काय सांगितलंस?

— म्हटलं, पेट्रोल टाकून येतो. आणि तडक तुझ्याकडे.

— म्हणजे ते दोघं अजून तिथेच बसलेत?

— ओट्यावरच. नाना म्हणाले, 'ये भरून. मी थांबतो.' आणि ही बघ, ती गोंड्याची चावी. परवापासून माझ्या खिशात आहे. तेजू, तू असतीस तर काय केलं असतंस?