मेलेल्या जंतूंचं मलम

— नाही ताई, मारलं नाही. शेजारणीने हेल्पलाइनला फोन करून तुम्हाला बोलावलं, तिचं चुकलं असं नाही म्हणत मी. भिंत पातळ आहे, ही ओरडली की पलीकडे ऐकू जातं. पण बायकोवर हात उचलला नाही कधी. बसा ना. ती खुर्ची नको, डुगडुगते — ही घ्या. आणि जरा हळू बोलू, आत्ताच डोळा लागलाय हिचा. कातडी बघितलीत ना हिची? दुधावर साय धरते, नुसती फुंकर मारली तरी सुरकुतते — तशी झालीय. चादरीची कड लागली तरी फाटते. वय झालं की होतं म्हणे असं. ते मी नाही करत, आपोआप होतं.

मी डेअरीत होतो, टाक्या धुवायला. उभा जन्म तेच केलं. दूध गेलं की टाकीत उतरायचं, सोडा टाकून घासायचं, मग कढत पाणी. कोपऱ्यात चिमूटभर घाण राहिली तर दुसऱ्या दिवशीचं सगळं दूध नासायचं. माझ्या टाकीला कधी वास आला नाही — आता हे काय सांगण्यासारखं आहे? पण सांगतो. घरी आलो की ही माझे हात नाकाशी धरायची. म्हणायची, आला गं बाई साबणाचा माणूस. तर ही अंथरुणाला खिळली तेव्हा मनाशी म्हटलं, आपल्याला स्वयंपाक धड येत नाही, हिची वेणी घालता येत नाही, धुणं तेवढं येतं. स्वच्छ ठेवू हिला. सकाळी, दुपारी, दिवे लागले की पुन्हा — दवाखान्यातला तो झोंबरा साबण, गरम पाणी, आणि ब्रश — मऊ आहे हो ब्रश.

कातडीची डॉक्टरीण, नातीच्या वयाची असेल, हिचे हात बघून माझ्यावरच चिडली. म्हणाली, आजोबा, माणसाच्या कातडीवर जंतू राहतात, चांगले, राखण करतात ते. म्हातारपणी त्यांची घडी आधीच विस्कटते, आणि तुम्ही उरलेसुरले खरवडून काढलेत. मी म्हटलं, बाळ, जंतू कधी राखण करतात का? आम्ही तर जन्मभर त्यांनाच मारत आलो. मग तिने हे मलम दिलं. यात म्हणे जिवंत काही नाही, चांगल्या जंतूंचा अर्क आहे, मेलेल्यांचे तुकडे आहेत, त्याने कातडी जरा तग धरते. जादू नाही आजोबा, म्हणाली, आजी तरुण व्हायच्या नाहीत, पण फाटणं थोडं कमी होईल. आणि तो साबण आजपासून बंद.

लावलं मी. लावलं हो — पण आधी ट्यूब उकळत्या पाण्यात ठेवली. हसू नका. मेलेत म्हणतात, आपण थोडेच बघायला गेलो होतो? तेल वेगळं, पाणी वेगळं, फाटलेल्या दुधासारखं झालं सगळं. ही दुसरी ट्यूब, अजून उघडली नाही. आणि साबण... साबण नाही सुटला ताई. मलम लावायचं तर आधी जागा धुवायला नको? घाणीवर कसं लावायचं?

ते निळे डाग? तेच सांगतोय. पाणी आणलं की ही हात ओढून घेते, ओरडते. मग काय करणार? एका हाताने मनगट धरायचं, दुसऱ्याने धुवायचं. हळूच धरतो. असं — थांबा, दाखवतो, उठायची नाही ती. हे बघा, अंगठा इथे, आणि ही चार बोटं...

डागांवर बरोबर बसली.

हळूच धरलं होतं, ताई.

उठलीस होय गं? नाही, नाही, पाणी नाही आणलं. बघ, बादली नाही. रडू नकोस. — हात पांघरुणात ओढले तिने. परकं माणूस दिसलं की करते अशी. तुम्ही जरा बाजूला होता का? तिकडे, खिडकीपाशी...

नाही. तुमच्याकडे नाही बघत ती.

बोलवा दवाखान्याची गाडी. मी येत नाही बरोबर, दारातच थांबतो, म्हणजे ती गप राहील. ही ट्यूब न्या. तिथल्या बायांना सांगा, गरम करायची नाही, नुसती लावायची. आणि ताई, फार धुऊ देऊ नका तिला. गाडी आली की उचला तिला. मी तोंड फिरवून उभा राहतो.