ब्रेकवर पाय

ब्रेकवर पाय ठेवू नका, रविशेठ. चावी असू द्या हातात, फिरवू नका अजून — मी इकडून बसतो, दार लावून घेतो. मागं आप्पांना मांडी घालून नीट बसवलंय, समाधीच्या जागेपर्यंत हलायचे न्हाईत, हार बांधायचं चाललंय, भजनवाल्यांचं अजून जमायचंय. तेवढ्यात होतंय माझं. हा कटर? एक तार कापायची हाय फक्त. कुठली म्हणजे — टेपची.

न्हाई, बंद न्हाई टेप. तुमाला वाटतंय बंद हाय. ही गाडी आली तेव्हा तुमचं अन् आप्पांचं, बाप-लेकाचं, काय ठरलं होतं? चार दिवस बोलत नव्हतात एकमेकांशी, मग तुमच्या आईनं, जगदेवीकाकूंनी, मधला मार्ग काढला — टेप बसवायचा, पण करंट द्यायचा न्हाई. आडत दुकानात तीस वर्षं रेडिओ लावू न दिलेला माणूस तो. घाटनांदुरात पिवळ्या पाटीचा एसटीडी फोन आला, घरोघर केबल आली, आप्पा म्हणायचे येऊ द्या काय यायचं ते, माझ्या दारात गाणं न्हाई. मी टेप बसवला, पिवळी तार अन् लाल तार चिकटपट्टी गुंडाळून मोकळी ठेवली. वहीत तसं लिहिलंय तारखेनिशी. मी प्रत्येक गाडीचं लिहितो, कुठली तार कुठं गेली ते. मला कुणी शिकवलं न्हाई ना, मग माझी वहीच माझा उस्ताद.

मग तुमी अंबाजोगाईला गेलतात बसनं, त्या दुपारी आप्पा माझ्याकडं आले. स्टुलावर बसले. पाणी प्यायले. म्हणाले, उत्तरेश्वर, त्याला करंट दे. मी म्हणलं रविशेठला विचारतो, तर म्हणाले, त्यालाच तर कळू द्यायचं न्हाई. आता बघा, चावी तुमच्या खिशात. बिनचावीचं चाललं पाहिजे, अन् कुणी आलं की जागच्या जागी बंद झालं पाहिजे, बटनं शोधत बसायला आप्पांना चष्मा लागतो. तीन दिवस विचार केला मी. बिनचावीचा करंट कुठं असतो? ब्रेकच्या दिव्याला. लाल तार तिथं जोडली. गाडी माझ्या दुकानासमोरच्या लिंबाखाली उभी, आप्पा आत बसायचे, पाय दाबला की गाणं, उचलला की बंद. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार — म्हातारा लेकाच्या गाडीत बसलाय.

हो, म्हणूनच बॅटरी उतरत होती. तीनदा तुमी माझ्यावर ओरडलात, तीनदा मी चार्ज करून दिली अन् डिस्टिल वॉटर कमी पडलं म्हणून सांगितलं. अन् ब्रेक मारला की टेपचा दिवा लागतो म्हणून विचारायला आलात, तेव्हा नव्या गाड्यांची तशीच फॅशन हाय म्हणलं ते मीच. उतरताना आप्पा आवाज शून्यावर करून ठेवायचे, म्हणून तुमाला ऐकू आलं न्हाई कधी. लई काटेकोर माणूस.

काय ऐकायचे? कावून विचारता आता — बरं, लावण्या. बैठकीच्या. एकच कॅसेट, आतच अडकलेली, निघतच न्हाई. पण एक होतं, कडवं तुटलेलं त्यांना चालायचं न्हाई. वळणावर कुणी येताना दिसलं तरी कडवं संपेपर्यंत पाय उचलायचे न्हाईत. एकदा तर तुमच्या सोयऱ्यांना ऐकू गेलं, आप्पांनी माझ्या दुकानाकडं बोट दाखवलं. सोयरे मला येऊन बोलले, वय काय तुझं अन् ऐकतोस काय. मी ऐकून घेतलं.

आवाज कमी करून ठेव म्हणता? तेच तर. बटन कुठं हाय बघा — दांडी आत मोडलीय, पकडीला धरायलाबी काही न्हाई. बटन आप्पांच्या मुठीत हाय. उजव्या. काकूंना वाटलं रुद्राक्ष हाय, स्वामी म्हणाले शेवटी हातात धरलं ते सोडवू नका, तसंच जाऊ द्या. सगळ्यांनी मुठीला हात लावून नमस्कार केला. मीबी केला. काय सांगणार तिथं?

म्हणजे आवाज पूर्ण हाय आता. आज पहिल्यांदाच मोठा केला होता त्यांनी, रस्त्याच्या पलीकडं मला शब्द कळत होते. अन् कडव्याच्या मधीच तुटलं.

न्हाई, लगेच न्हाई पळत आलो. सगळ्यांना तसं सांगितलंय मी, पण न्हाई. वाटलं कुणी आलं असंल. हातात तारेला सोल्डरचा डाग द्यायचं काम होतं, ते पुरं केलं. मग चहा प्यायलो. मग आठवलं, आप्पा कडवं तोडत न्हाईत. अर्धा तास झाला असंल, रविशेठ. जास्तच. वहीत लिहिलंय मी. ते — ते तुमाला सांगायचं नव्हतं मला. तार कापून उतरणार होतो. सरका जरा, मला खाली वाकू द्या.

अहो — पाय — रविशेठ, पाय काढा!

…मागचं भजन थांबलं बघा. स्वामी, काही न्हाई, काही न्हाई, वायरिंग तपासतोय. एवढा हार होऊ द्या तुमचा. — न्हाई, आता काढू नका पाय. आता काढलात तर परत मधीच तुटंल. सकाळी हितंच तुटलं होतं, ह्याच शब्दावर. दाबून ठेवा. बघू नका मागं कुणाकडं. दोन ओळी राहिल्यात.

एक.

झालं. काढा आता.

कापू का तार?

बरं. न्हाई कापत. कटर ठेवला खिशात. डोळे पुसा अन् निघा, माणसं ताटकळलीत. पहिल्या गेरात जा, उतार न्हाई, ब्रेक लागायचा न्हाई. फक्त मारुतीच्या पारापाशी स्पीडब्रेकर हाय, अन् तिथंच सगळं गाव उभं हाय. तिथं काय करायचं ते तुमचं तुमी बघा. उतरतो मी. दार जोरात ओढा, त्याशिवाय लागत न्हाई.