एक आणि तीनचे दोन

—आणि त्या टेबलाला टेकू नका सिदूमामा, ॲसिड सांडलेलं असतंय तिथं, धोतराला भोक पडलं तर घरी गेल्यावर कडूबाईमामी माझ्या नावानं बोंब मारंल. हां, तर तुमचं म्हणणं काय— तुमच्या शिवकन्याचे तीन मार्क मी खाल्ले. स्टँडवर हॉटेलात बसून सांगितलं म्हणं तुमी, राधाकिशन सरनं पोरीचे मार्क खाल्ले. मार्क काय भजे हायत का मामा? मेंढरं रस्त्याला उभी करून बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर तपासायला आलाव. बरं केलंत. तपासू आपण दोघं.

हा बगा तिचा पेपर, तीस मार्कांचा. तिला सव्वीस, संस्कृतीला सत्तावीस. संस्कृती म्हंजी विजयसिंहदादांची नात, आपल्या संस्थेच्या अध्यक्षांची— तुमाला कुणी सांगायला पायजे का. ह्या पेपरात पहिली येईल तिला बारावीनंतर संस्था सोताच्या खर्चानं वर्षभर लातूरला ठेवती, राहणं, खाणं, डॉक्टरकीचा क्लास, सगळं. जागा एकच. आता दादांना नातीचा क्लास परवडत न्हाई असं थोडंच हाय, पण मग पेपरात फोटो कुणाचा येणार? आणि तुमची पोर न्हाई गेली तर तुमी उन्हाळ्यात तिचं लगीन लावणार, तेबी मला म्हाईत हाय, तिनंच सांगितलं, माझ्या तोंडाकडं बघत, खाली मान न घालता. जाती की मामा एका मार्कानं कुणाची ना कुणाची जागा, त्यात काय एवढं.

गणित कोणतं, तर हे. एका ॲसिडचा पीएच एक, दुसऱ्याचा तीन. सारखं सारखं मिसळलं तर किती? पीएच म्हंजी आंबटपणाचा आकडा— जेवढा लहान तेवढं ॲसिड जहाल, उलटा कारभार हाय. आता एक आणि तीन किती? चार. निम्मे? दोन. झालं गणित. सात वर्षं झाली मी फळ्यावर हेच लिवतो, संस्कृतीनं तेच लिवलं, दोन. आणि तुमची कन्या काय लिवती— एक पॉइंट तीन. वर बारीक अक्षरात मलाच शिकवती, की पहिलं ॲसिड जोरदार हाय, दुसरं कमजोर, जोरदारापुढं कमजोराचं काही चालत न्हाई, त्याला हिशोबात धरायचं न्हाई, फक्त पाणी दुप्पट झालं तेवढं बघायचं. धरायचंच न्हाई म्हणं. ओतलंय की मी ते, का उगंच ओतलं? मेंढरं मोजताना बारकी पिल्लं सोडून देताव का तुमी?

काय म्हणलाव? मिसळून दाखवा? —दाखवतो की. त्यात काय लपवायचं. ह्या बाटल्या कालच्या प्रॅक्टिकलच्याच हायत, पीएच एक आणि तीनच्या. हे पन्नास, हे पन्नास. नाक लांब धरा. आता ही कांडी बुडवायची आणि इथं काचेत आकडा येतो. तुमाला आकडे वाचायला— येतात? वजनकाट्यावरचे? पॉइंटसकट? बरं. बरं बरं. थांबा, ठरू द्या, हलतोय अजून. थांबा म्हणलं ना. कांडी धुवायची राहिली. ही धुतली. आता— आता परत तेच. एक पॉइंट एकतीस. यंत्र जुनं हाय मामा. काय भरवसा त्याचा. सकाळी मात्र बरोबर होतं, मीच तपासलं, चारच्या पाण्यात चार दाखवलं, सातच्यात सात.

असं बघू नका माझ्याकडं. हे आमाला अंबाजोगाईला कॉलेजात शिकवलं होतं, आत्ता आठवलं— आत्ता म्हंजी, बुधवारी. बुधवारी पोरगी स्टाफरूममधी आलती वही घेऊन, मी सगळ्यांसमोर हसलो तिला, म्हणलो जा, मेंढरं राख. आन घरी जाऊन माझीच जुनी वही काढली. तिथं माझ्याच अक्षरात हाय. कमजोर ॲसिड एकटं असलं की थोडंफार तुटतं, जरासक आंबटपणा सोडतं. जोरदार शेजारी आलं की तेवढंबी तुटत न्हाई, गुमान बसतं. दादा मीटिंगला येऊन बसले की मी बसतो तसं. मग कावून मिसळलं म्हणता? खरं सांगू का— मला वाटलं, तुमाला आकडा वाचता येत नसंल. दोन म्हणलो असतो आन तुमी गेला असता.

तिला तीन द्यायचे, संस्कृतीचे तीन कापायचे. एकोणतीस आणि चोवीस. सोपं हाय, लाल पेन खिशातच हाय. पण बुधवारीच रात्री दादांचा फोन आलता. दमदाटी न्हाई केली हां, उगंच खोटं कशाला बोलू. एवढंच म्हणले, सर, लातूरची यादी कधी देताव. माझी नोकरीची ऑर्डर अकरा महिन्यांची असती मामा. दरसाल जूनमधी निघती, सही दादांची. सातही जून त्यांच्या बंगल्याच्या पायरीवर काढलेत मी, चहा आला तर प्यायचा, न्हाई आला तर बसून राहायचं. त्या माणसाला जाऊन काय सांगू, तुमच्या नातीला सात वर्षांपासूनची चूक शिकवली म्हणून? लई लाज वाटती, मला काय दगड समजताव का.

काय? लिवून द्या? न्हाई मामा. पोर बरोबर हाय असं मी तोंडानं म्हणलो, ह्या खोलीत म्हणलो, तेवढं बास करा. कागद न्हाई मिळणार. संस्कृतीचं नाव शनिवारीच गेलंय लातूरला.

हात जोडू नका. हात खाली घ्या, कुणी बघंल. बीकर धुयाचाय मला, पोरं येतील तासाला. आज ह्याच गणिताची उजळणी हाय, आन फळ्यावर दोनच येणार, तुमची शिवकन्या पहिल्या बाकावर बसून माझ्या तोंडाकडं बघत असली तरी दोनच येणार. जावा आता. दार ओढून घ्या.